खुब्याचे हाड आणि वाया जाणारे तास

म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की, ‘आता या वयात शस्त्रक्रिया कशी सोसवेल?’ असा सूर घराघरांतून निघतो. दयेपोटी निघणारा हा सूर बहुधा घातक ठरतो, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते. अशा रुग्णांपैकी चारपाचांमागे एक वर्षभरात दगावतो, असा जगभरचा अनुभव आहे. मारते ते हाड नव्हे, अंथरूण. खिळलेल्या देहात न्यूमोनिया शिरतो, पायातील रक्ताची गुठळी फुप्फुसात जाते, पाठीला शय्याव्रण पडतात.

वय, हृदयविकार, स्मृतिभ्रंश यांपुढे वैद्यांचाही फारसा इलाज नाही. (हाडे बायकांची अधिक मोडतात, मोडल्यावर दगावतात मात्र पुरुष अधिक.) रक्तक्षय, निकृष्ट आहार आणि विलंब यांचे तसे नव्हे. इंग्लंडमध्ये दाखल झाल्याच्या किंवा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया व्हावी असा दंडक आहे. भारतासह 17 देशांत झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा तासांच्या त्वरेने मृत्यू घटले नाहीत, हे खरे. पण तेथे तुलना एका दिवसाच्या विलंबाशी होती, आठवड्याच्या नव्हे!

2011 च्या शिरगणतीत गोव्यातील सुमारे 11 टक्के लोक साठी गाठलेले होते. अनेकांची मुले परदेशी. संमतिपत्रावर सही कोणी करावी, याचा निर्णय कुटुंबाने आधीच करून ठेवावा. आणि दाखल झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत किती तास गेले, हे बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाने व जिल्हा रुग्णालयांनी दरमहा जाहीर करावे, अशी आमची मागणी आहे.