आजीची वही

रत्नागिरीजवळच्या आरे-वारे किनारपट्टीवरील आजीचे वर्ष कामांनी भरलेले असे. वैशाखात कोकमाची साल रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायची, फणसाची साठे घालायची. आषाढात चिखलात वाकून भातलावणी करायची. सर्वांना वाढून झाल्यावर ती जेवायची. तिच्या कंबरदुखीची नोंद मात्र क्वचितच कोणी ठेवली.

याच जिल्ह्यातील देवरुखच्या गोदूबाई, म्हणजे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई. त्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली प्रसिद्ध झाले, म्हणून त्यांचे कष्ट आज आपल्याला कळतात. बहुतेक आजी न सांगताच जातात.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनो, औषध देऊन लगेच उठू नका. दहा मिनिटे जवळ बसा आणि ‘आमसुले कशी करायची?’ एवढेच विचारा. स्मृतिभ्रंशातही जुन्या आठवणी पुष्कळदा अधिक काळ टिकतात. साल-तारीख चुकली तरी टोकू नका. ती सांगेल ते वहीत उतरवा. कुठे दुखते तेही विचारा आणि डॉक्टरांना कळवा.

आणि आजींनो, आता पहिले गरम पान तुमचे असू द्या.