श्रेयांकांची पेढी आणि सापगावचा विद्यार्थी
एका सत्रात १५ तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक. तो विद्यार्थ्याच्या खाती जमा राहावा, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांकांची पेढीच उघडली. सामान्यतः ७ वर्षांपर्यंत टिकणारी ही ठेव शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागणाऱ्या सापगाव-मुरबाडकडील मुलांस आधार ठरावी, यात शंका नाही. परंतु ठेवीची नोंदच चुकली तर? २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची संगणकावरील तपासणी घाईने आरंभिली. निकाल रखडले, कुलगुरूंचे पदही गेले. विद्यार्थ्यांचा हुकलेला प्रवेश मात्र कोणी परत केला? आज एका श्रेयांकासाठी आसनगावहून लोकल पकडून कलिन्यास खेटे घालावयाचे काय? दुरुस्तीचा अर्ज महाविद्यालयातच स्वीकारावा, पोच द्यावी आणि निकालाची मुदतही लेखी सांगावी.