पद्मिनीचं लॉक आणि 'नवीन टाक ना' जमात

मंडळी, विकांत आहे, वेळ आहे, तेव्हा जरा भांडून घेतो. भांडण 'नवीन टाक ना यार' या जमातीशी आहे. तुम्ही त्यात नसाल तर उत्तमच. असाल तर पुढे वाचाच.

आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे. (हो, तीच, काळी-पिवळी टॅक्सीवाली. नाही, आमची टॅक्सी नव्हती.) या गाडीच्या दाराची चावी अडकते, दोनदा हलवली की फिरते, कधी फिरतच नाही. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रकार माहीत आहे, आणि त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला. एका गॅरेजवाल्याने लॉककडे न बघताच मला सांगितलं, "साहेब, चारी दारांचा सेटच बदलून टाकू." ऑफिसातला मित्र म्हणतो, "सेंट्रल लॉकिंगचं किट बसव ना, रिमोटने उघड." दोघांनाही एकच प्रश्न विचारला: नक्की झिजलंय काय? उत्तर नाही. जो माणूस ऑफिसात लॉग न बघता कुणाला सर्व्हर रीस्टार्ट करू देत नाही, तोच गाडीच्या बाबतीत असा वागतो!

मुळात आपण 'लॉक' म्हणतो त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, चावी जिथे जाते ती नळी, म्हणजे सिलिंडर. दुसरी, दाराच्या कडेला असलेलं कुलपाचं तोंड, जे खांबावरच्या पट्टीत अडकून दार बंद धरतं. चावी अडकली तर गैरसोय होते, बस. पण ते तोंड नीट अडकलं नाही तर वळणावर दार उघडतं. मागच्या सीटवर पोरं दाराला टेकून बसलेली असतात आणि जुन्या गाडीत मागे सीटबेल्ट नाहीत. एवढं असूनही लोक पैसे खर्च करतात ते पहिल्या गोष्टीवर, आणि दुसरीसाठी एकच उपाय: दार जोरात आपटा. जितकं आपटाल तितकं ते जास्त झिजतं, हे कुणाच्या गावीही नसतं.

बहुतेक वेळा ते तोंडही निर्दोष असतं. दार अर्धवट उघडा, टोकाला धरून वर उचलून बघा. हाताला खेळ लागला तर बिजागरीची पिन झिजली आहे. दार खाली बसलंय, म्हणून तोंड पट्टीला भलतीकडेच भेटतंय. लेथवाल्याकडून पिन आणि बुश करून घ्या, मग पट्टीचे स्क्रू ढिले करून ती जागेवर आणा, आणि त्यानंतरही भागलं नाही तरच कुलपाला हात लावा. आपल्याकडे क्रम बरोब्बर उलटा असतो.

आता सिलिंडर. आत पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, वेफर म्हणतात त्यांना (बटाट्याचे नव्हेत). प्रत्येकीच्या मध्ये चौकोनी खिडकी आणि बाजूला केसाएवढी स्प्रिंग. चावी नसताना पट्ट्या नळीबाहेर डोकावतात आणि नळी फिरू देत नाहीत. बरोबर चावी गेली की प्रत्येक पट्टी मोजकी उचलली जाते, सगळ्या आत जातात, नळी फिरते. झीज होते ती चावीच्या दात्यांची आणि खिडकीच्या कडेची. दोन्ही झिजा एकाच दिशेने काम करतात: पट्टी हवी तितकी उचलली जात नाही. पंचवीस-तीस वर्षांत फरक पडतो तो मिलिमीटरच्या काही दशांशांचा. तेवढ्यासाठी अख्खा सेट फेकायचा?

इथे चावीवाल्याकडे जाणारे लोक दुसरी गंमत करतात. झिजलेली चावी देतात आणि म्हणतात, हिची डुप्लिकेट काढ. मशीन इमानदारीने झिजेसकट कॉपी करतं. मग त्या डुप्लिकेटची डुप्लिकेट. अरे, झेरॉक्सची झेरॉक्स वाचता येत नाही हे तुम्हाला कळतं ना? मूळ माहिती चावीत नाही, लॉकमध्ये आहे. दाराचं आतलं पॅनल काढा, सिलिंडरची चाप-क्लिप ओढा, नळी हातात घ्या. (पट्ट्यांचा क्रम मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्प्रिंगा उडतात, खाली पांढरी चादर अंथरा.) पट्ट्या पेट्रोलने धुवा आणि कोरी चावी या नळीवरच बेतून घासून घ्या. कुठली पट्टी बाहेर राहते ते डोळ्यांनी दिसतं. खिडकी फारच खाल्ली गेली असेल तर तेवढी एक पट्टी भंगारातल्या लॉकमधून घ्या.

काही कारागीर बाहेर आलेल्या पट्ट्यांची डोकीच कानशीने घासून देतात. चावी लोण्यासारखी फिरते, गिऱ्हाईक खूश. फक्त आता ते लॉक दुसऱ्या कुणाच्या चावीने, प्रसंगी स्क्रूड्रायव्हरनेही उघडू शकतं. असली दुरुस्ती मागू नका.

आणि कृपा करून तेल ओतू नका. तेलात धूळ बसते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो. खोबरेल तर थंडीत थिजतंच. ग्राफाइटची भुकटी घाला, नाहीतर ६बी पेन्सिल चावीवर घासा.

सेंट्रल लॉकिंगवाल्यांसाठी एवढंच: किटची मोटर आतली दांडी ओढते. ती झिजलेली बिजागरी उचलत नाही. आणि आठवडाभर उभ्या गाडीची बॅटरी उतरली की तुम्ही परत त्याच चावीपाशी येता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. कुर्ल्याचा कारखाना तर कधीच थांबला. म्हणजे जुने अस्सल भाग येणार ते भंगारातूनच, आणि तेही दरवर्षी कमी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात असेल तरच 'व्हिंटेज' ठरते. पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकातलं, म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्या आता पन्नाशी गाठताहेत. अशा वेळी दाराच्या पत्र्याला भोक पाडून भलत्या गाडीचं लॉक बसवणाऱ्यांना काय म्हणावं?

एक मान्य करतो. सिलिंडरचं बाहेरचं ओतीव घर तडकलं किंवा आतून अंडाकृती झालं असेल तर दुरुस्ती नाही, बदलाच. पण ते उघडून बघितल्यावर ठरवा.

बाकी, पॅनल परत लावायच्या आधी काच खाली-वर करून बघा आणि दार उघडं ठेवूनच चावी फिरवून पाहा. आत दांडी चुकीची अडकली असेल आणि दार बंद झालं, तर मग खरंच मित्राला फोन करावा लागेल :-)