वारसा केवळ मनोऱ्यापुरता नव्हे

अहिल्यानगर - अहमदनगरचे अधिकृत नामांतर २०२४ मध्ये झाले, तेव्हा निजामशाहीपासून अहिल्यादेवींपर्यंतचा इतिहास चर्चेत आला. १८३१ मध्ये सुरू झालेले मिशनपर्व मात्र त्या चर्चेत जवळपास नव्हतेच. पाहण्याजोगे चर्च म्हणजे उंच मनोरा आणि रंगीत काचा, हा रूढ समज त्यामागे असावा. मुंबईतील एका चर्चच्या उदाहरणावर तो तपासून पाहण्याजोगा आहे.

कुलाब्याचे सेंट जॉन्स, अर्थात अफगाण चर्च, हा नवगॉथिक शैलीचा उत्कृष्ट नमुना. पायाभरणी १८४७ ची, उपासनेसाठी अर्पण १८५८ मध्ये. १९८ फूट उंचीचा मनोरा १८६५ मध्ये पूर्णत्वास गेला. टोकदार कमानी आणि काचचित्रांतून झिरपणारा प्रकाश पाहून कोणीही भारावेल. तरीही तेथे गेल्यावर स्मृतिलेख अवश्य वाचावेत. सिंध व अफगाणिस्तानच्या मोहिमांत (१८३८-४३) मृत्युमुखी पडलेल्या अधिकाऱ्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. साध्या शिपायांविषयी मात्र, त्यांची संख्या फार मोठी असल्याने नावे देता येत नाहीत, एवढाच उल्लेख! मुंबई इलाख्याच्या फौजेतील एतद्देशीय शिपाईही या मोहिमांत होते. त्यांत आपल्या मुलुखातले किती, हे तो दगड सांगत नाही.

काबूलहून माघार घेताना ब्रिटिश फौजेची वाताहत झाली ती जानेवारी १८४२ मध्ये. त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनने नगरमधून 'ज्ञानोदय' सुरू केले. सिंथिया फरार यांनी येथे मुलींना शिकविले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते त्यांच्याच संस्थेत. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांनी येथील उपासना मराठी भक्तिपरंपरेशी जोडली. गावकुसाबाहेरची असंख्य कुटुंबे या मंडळ्यांत सामील झाली आणि त्यांची नावे बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत आली. कुलाब्याच्या दगडावर जे घडले नाही, ते येथे कागदावर घडले.

१९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यावर या दोन्ही परंपरा एकाच छत्राखाली आल्या. जतनाची निकड मात्र सारखी नाही. मुंबईला १९९५ पासून वारसा नियमावलीचा आधार आहे आणि दगड काही काळ तरी तग धरतो; जुन्या नोंदवह्यांना वाळवी व दमट हवा पुरेशी असते. पंडित नेहरूंचा बंदिवास झालेला भुईकोट किल्ला पाहायला येणाऱ्यांना ह्यूम मेमोरियल चर्चचीही वाट दाखवावी, हे योग्यच. त्याआधी मंडळ्यांच्या नोंदवह्यांचे संगणकीकरण महापालिका आणि चर्च यांनी मिळून हाती घ्यावे. त्याला मनोरा बांधण्याइतका खर्च येणार नाही.