पाय पाण्यात सोडण्यापूर्वी

लग्नसराई आली की पार्लरमध्ये पेडिक्युअरसाठी गर्दी होते. पूर्वी न्हाणीघरातली वजरी जे काम करायची, ते आता खुर्चीत बसून, कोमट पाण्यात पाय सोडून होते. यात वावगे काही नाही. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांच्या भेगाळलेल्या टाचांची निगा राखणे हा आरोग्याचाच भाग आहे. मात्र या टबात आधी कोणाचे पाय होते, हत्यारे कशी स्वच्छ केली आणि समोरच्या ग्राहकाला मधुमेह आहे का, हे तीन प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

2000 साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनच्या शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली. ती कित्येक महिने बरी होईनात. कारण होते ‘मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम’ हा क्षयाच्या जंतूच्या कुळातला, पण पाण्या-मातीत राहणारा जंतू. पाणी फिरवणाऱ्या टबांच्या जाळीमागे केस आणि त्वचेचा मळ साचला होता व त्यात हे जंतू वाढले होते. आधी पायांवरून वस्तरा फिरवलेल्या ग्राहकांना धोका अधिक होता. म्हणून पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी पायांचे वॅक्सिंग, शेव्हिंग टाळावे. आणि कारंज्याच्या महागड्या टबापेक्षा घासून धुता येणारा, कोरडा करता येणारा साधा टब कधीही बरा.

हत्यारांची गोष्ट याहून गंभीर आहे. नखाच्या मुळाशी असलेली पातळ त्वचा ही जंतूंना अडवणारी कड असते. ती कापली की नखुर्डे होण्याची वाट मोकळी होते. रक्त लागलेली कात्री किंवा ब्लेड नीट निर्जंतुक न करता दुसऱ्याला वापरल्यास हेपेटायटिस बी पसरू शकतो. हा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. अनेक ठिकाणी निळ्या प्रकाशाच्या पेटीत हत्यारे ठेवलेली दिसतात आणि ग्राहक निश्चिंत होतो. पण ती पेटी फार तर स्वच्छ केलेली हत्यारे ठेवण्यासाठी आहे. धातूची हत्यारे आधी साबणाने घासून मग ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणे हाच खात्रीचा उपाय. ब्लेड, लाकडी काडी, नखांची कागदी कानस एकदा वापरून फेकून द्यावी.

तिसरा प्रश्न मधुमेहाचा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना कमी होते. पाणी कढत असले तरी चटका कळत नाही, ब्लेड लागले तरी दुखत नाही. रक्तपुरवठाही कमी असेल तर छोटीशी जखम चिघळते, आणि बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते. अशा व्यक्तींनी पाय पाण्यात भिजवत ठेवू नयेत आणि कुरूप किंवा घट्टा पार्लरमध्येच काय, घरीही ब्लेडने कापू नये. पायावर जखम, चिखल्या किंवा सूज असेल तर कोणीच पेडिक्युअर करून घेऊ नये.

पण सगळा दोष पार्लरवर टाकून चालणार नाही. दवाखान्यात साखरेचा रिपोर्ट पाहिला जातो, गोळ्या लिहिल्या जातात आणि रुग्ण चपला न काढताच घरी जातो. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी हे त्याचे कारण आहे, समर्थन नव्हे. उलट पार्लरमधली बाई अर्धा तास तो पाय हातात घेऊन बसते. बोटांच्या बेचक्यातली भेग, काळे पडलेले नख, टाचेची न दुखणारी जखम तिलाच सर्वांत आधी दिसू शकते. तिने ‘ताई, तुम्हाला शुगर आहे का?’ एवढे विचारले आणि जखम दिसताच ‘आधी डॉक्टरांना दाखवा’ म्हणून काम थांबवले, तर कोणाचा तरी पाय वाचू शकेल.

त्यासाठी तिला शिकवायला हवे. आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजी अभ्यासक्रमात आणि गल्लोगल्ली चालणाऱ्या ब्युटिशियन वर्गांत मधुमेही पायाची ओळख अनिवार्य करावी. पालिकांच्या आरोग्य विभागांनी पार्लरमधील हत्यारांच्या निर्जंतुकीकरणाची वेळोवेळी पाहणी करावी. शिक्षा करण्यापेक्षा शिकवण्यावर भर असावा, कारण यातल्या कित्येक पार्लरवर एकेका घराची चूल अवलंबून आहे.

तोवर ग्राहकाने संकोच सोडावा. आपल्यासमोर टब धुवायला सांगावे किंवा स्वतःची हत्यारे घेऊन जावे. आठवड्याभरानंतरही पायावरची पुळी बरी झाली नाही, तर मलम चोळत न बसता डॉक्टरांकडे जावे आणि पेडिक्युअर केल्याचे आवर्जून सांगावे. मधुमेह असेल तर लालसरपणा किंवा जखम दिसताच, त्याच दिवशी दाखवावे.