डाग दिसला, पण पेशी दिसली का?

पेणच्या कारखान्यांत शाडूच्या मूर्तीवर रंग चढतो तेव्हा ती मूर्ती आणि तो रंग एकच वाटतात. विसर्जनानंतर माती विरघळून जाते, पण रंगाचा अंश गाळावर काही काळ दिसत राहतो. तो दाखवून कोणी ‘मूर्ती अजून शाबूत आहे’ असे म्हणाला तर आपण हसू. मेंदूच्या चित्रांपुढे मात्र आपण न हसता मान डोलावतो.

गेल्या महिन्यात रोह्याचे एक गृहस्थ मोठे पाकीट घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या मुलाला जन्मापासून मेंदूचा विकार आहे. कर्ज काढून त्यांनी एका खाजगी दवाखान्यात त्याच्या पाठीच्या कण्यातील द्रवात मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, सोडवून घेतल्या होत्या. पाकिटात आधीचे आणि नंतरचे अशी मेंदूची दोन रंगीत चित्रे होती. “गुरुजी, हे तांबडे-पिवळे म्हणजे नव्या पेशी ना?”

नव्हे. ती पेट स्कॅनची चित्रे होती. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि मेंदूचा कोणता भाग ती किती ओढून घेतो ते पाहतात. वय वाढले, गुंगीचे औषध दिले, तरी हे रंग बदलतात. सोडलेल्या पेशी कोठे गेल्या, जगल्या की मेल्या, याबद्दल ते चित्र काहीच सांगत नाही.

मग पेशींचा माग काढता येतो का? येतो, पण ते सोपे नाही. नेहमीच्या एमआरआय चित्राचा लहानात लहान ठिपका सुमारे एक मिलिमीटरचा असतो. तेवढ्या घनात, खेटून मांडल्या तर, शतांश मिलिमीटरच्या दहा लाख पेशी मावतील! म्हणून पेशींना आधी खूण करावी लागते. एक खूण म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. ते पोटात घेतलेल्या पेशी एमआरआयमध्ये काळ्या डागासारख्या दिसतात. चीनमधील शांघाय येथील डॉक्टरांनी मेंदूला इजा झालेल्या रुग्णांमध्ये अशा पेशी काही आठवडे पाहिल्याचे २००६ साली प्रसिद्ध केले.

येथेच शाडूच्या मूर्तीची आठवण ठेवावी. पेशी मेली की मेंदूतील सफाई करणाऱ्या पेशी तिचे लोह गिळतात. डाग तसाच राहतो, पेशी मात्र नसते. जुन्या रक्तस्रावातले लोहही काळेच दिसते. उलट, जिवंत पेशीचे विभाजन होत गेले की लोह प्रत्येक वेळी निम्मे होते आणि डाग पुसट होतो. म्हणजे पेशीवाचून डाग आणि डागावाचून पेशी, दोन्ही शक्य!

दुसरी युक्ती अधिक चतुर आहे. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे झाडाझाडांवर काजवे लुकलुकतात. त्यांच्या प्रकाशामागील विकराचे जनुक पेशीत घातले, की योग्य द्रव्य मिळताच ती उजळते. मेलेली पेशी उजळत नाही, आणि जनुक लेकपेशींतही उतरते. उंदरात हे छान जमते. माणसाच्या जाड कवटीतून तो मंद प्रकाश बाहेर येत नाही. त्यासाठी पेट स्कॅनला दिसेल असे वेगळे जनुक वापरावे लागते. अमेरिकेत मेंदूच्या गाठीच्या एका रुग्णाला दिलेल्या रोगप्रतिकारक पेशी या रीतीने दिसल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले. परंतु माणसाच्या पेशीत परके जनुक घालणे ही जोखीम आहेच.

मला तिसरी वाट सर्वांत प्रामाणिक वाटते: पेशी काम करते का ते पाहणे. कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) रुग्णांत डोपामीन तयार करणाऱ्या पेशी बसवल्या, तर फ्लुओरोडोपा हे द्रव्य त्या जागी साठायला हवे. स्वीडनमधील लुंड येथे पेशी बसवलेल्या रुग्णात हे दिसल्याचे १९९० साली प्रसिद्ध झाले. मूलपेशींपासून बनवलेल्या पेशींबाबत अमेरिका-कॅनडा आणि जपान येथील चाचण्यांचे निकाल २०२५ साली आले. त्यांतील पहिल्या चाचणीत १२ रुग्ण होते. दीड वर्षानंतर हे द्रव्य अधिक साठताना दिसले, तरीही चाचणी मुख्यतः सुरक्षिततेची होती असे संशोधकांनी स्पष्ट सांगितले. इतका संयम तेथे, आणि येथे दोन रंगीत चित्रांवर कर्ज काढायला लावतात, याचा मला राग येतो.

माग काढणे ही हौस नव्हे. परदेशात मेंदूत मूलपेशी सोडलेल्या एका मुलाला त्याच पेशींपासून गाठी झाल्याचे २००९ साली सिद्ध झाले. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठराविक विकारांसाठीचे रोपण सोडले, तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर मूलपेशी देणे योग्य नाही. ते सिद्ध झालेले रोपण आपल्याच जिल्ह्यात, खारघरला टाटा स्मारकाच्या ॲक्ट्रेक केंद्रात होते. मूलपेशींवर माझा राग नाही हे त्यावरून ध्यानात यावे.

त्या गृहस्थांच्या पाकिटावर मी एक प्रश्न लिहून दिला: ‘या चित्रात सोडलेल्या पेशी कोणत्या खुणेने ओळखल्या?’ दुसऱ्या इंजेक्शनची तारीख जवळ आली आहे. पैसे भरण्याआधी ते उत्तर लेखी मागणार आहेत.