रक्तातील मिठाचे माप

गेल्या चैत्रात आमच्या वहिनींना चालताना भोवळ येऊ लागली. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यामुळे डॉक्टरांनी सोडियम तपासून घेण्यास सांगितले. सकाळी एका प्रयोगशाळेने १२८ हा आकडा दिला. शंका आली म्हणून दुपारी दुसरीकडे तपासले, तो १३५! निरोगी माणसाच्या रक्तात सोडियम लिटरमागे सुमारे १३५ ते १४५ मिलिमोल असते. गोळी बंद करावी की चालू ठेवावी, हा प्रश्न या सात मिलिमोलांपाशी अडला. थोरले बंधू आमच्या तोंडाकडे पाहू लागले. मराठीच्या मास्तरास रसायनशास्त्र ते कितीसे ठाऊक असणार! तरीही शोध घेणे भाग पडले.

आमच्या इंदूरच्या सराफ्यात वजनांवर सरकारी शिक्का असतो. त्यावर आपण विसंबतो. रक्तात विरघळलेल्या क्षारांस शिक्का कोठे मारावा? ही अडचण जुनीच आहे. १९४७ साली बेल्क आणि संडरमन या दोघांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियातल्या प्रयोगशाळांकडे एकसारखेच नमुने धाडले, तेव्हा परत आलेल्या उत्तरांतील तफावत पाहून वैद्यकजगताचे डोळे उघडले. पुढे तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने शुद्ध मीठ, पोटॅशियम क्लोराइड, कॅल्शियम कार्बोनेट अशी प्रमाणद्रव्ये तयार केली आणि १९७२ साली सीरममधील कॅल्शियम मोजण्याची पंचपद्धती प्रसिद्ध केली. पोटॅशियम व कॅल्शियम यांचे स्थिर समस्थानिक एकाहून अधिक असल्याने ते मिसळून अचूक हिशेब मांडता येतो. सोडियमचा मात्र असा एकच! म्हणून तेथे अखेर तराजूच हाती घ्यावा लागतो. आम्हांस ही गोष्ट फार आवडली.

परंतु मिठाचे पाणी म्हणजे रक्त नव्हे. सीरममध्ये सुमारे ९३ टक्केच पाणी. उरलेली जागा प्रथिने व चरबी व्यापतात. काही यंत्रे सीरम पातळ करून मोजतात, काही तसेच मोजतात, आणि त्यांची उत्तरे जुळत नाहीत. यासाठी त्याच संस्थेने गोठविलेले मानवी सीरमच प्रमाणद्रव्य म्हणून कुप्यांत भरून दिले. त्यावरून यंत्रे लावून घेतली की सर्वसाधारण रक्तापुरती दोन्ही जातींची भाषा एक होते. आपल्याकडेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजतर्फे सभासद प्रयोगशाळांस नमुने धाडून त्यांची उत्तरे पडताळली जातात.

मग वहिनींच्या बाबतीत चुकले कोण? आम्ही दोन्ही ठिकाणी गेलो. यंत्रे नीट लावलेली होती. पहिल्या ठिकाणच्या तरुण तंत्रज्ञाने मात्र न कंटाळता नळी उजेडात धरून दाखविली: सीरम दुधासारखे पांढुरके! चरबीने पाण्याची जागा अडविली होती. त्यांचे यंत्र सीरम पातळ करणारे. ते संपूर्ण सीरमचा हिशेब धरते, म्हणून आकडा उतरला. असे रक्त प्रमाणद्रव्याच्या कुपीत नव्हते, तेव्हा कुपी तरी काय करणार? दुसरे यंत्र सीरम तसेच मोजणारे होते.

डॉक्टरांनी १३५ हाच आकडा ग्राह्य धरला, गोळी बंद केली नाही आणि त्याच दिवशी चरबीवर उपचार सुरू केले. ते पांढुरके रक्त स्वादुपिंडास घातक ठरू शकते, असे त्यांनी बजावले. भोवळ कानातील दोषाची निघाली. वहिनींचे तूप बंद झाले आहे, आणि त्याचा राग त्या अजून आमच्यावरच काढतात.